सरपटणाऱ्या पेशीचे बल कसे मोजावे: जेल, मणी आणि संदर्भप्रतिमा

पृष्ठभागावरून सरपटत जाणारी पेशी त्या पृष्ठभागाला सतत ओढत असते. पेशीच्या आत ॲक्टिनचे तंतू आणि मायोसिन मिळून आकुंचन घडवतात. हे आकुंचन पेशीपटलातील इंटेग्रिन प्रथिनांमधून आणि त्यांच्याभोवती जमलेल्या आसंजनस्थळांमधून (पेशी पायाला जिथे चिकटते त्या जागांमधून) खालच्या पायापर्यंत पोहोचते. एका आसंजनस्थळावरील बल साधारणपणे काही नॅनोन्यूटन इतके असते. काचेवर किंवा प्लास्टिकच्या बशीवर एवढ्याशा ओढीचा कसलाच माग राहत नाही. म्हणून पेशीला मुद्दाम मऊ पायावर बसवायचे, तो पाया कुठे किती सरकला हे पाहायचे आणि त्यावरून बल काढायचे, असा हा सारा खटाटोप आहे.

१९८० साली ॲल्बर्ट हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकोनच्या अतिशय पातळ पापुद्र्यावर पेशी वाढवल्या, तेव्हा चादर चिमटीत धरून ओढल्यावर पडाव्यात तशा सुरकुत्या पेशींखाली उमटल्या. पेशी ओढते हे त्यातून डोळ्यांनी दिसले. पण सुरकुतीची लांबी आणि बल यांचे नाते सरळ नसल्यामुळे तिच्यावरून विश्वासार्ह आकडा काढणे अवघड होते. पुढे १९९७ मध्ये पेल्हॅम आणि यू-ली वांग यांनी पॉलिॲक्रिलामाइड जेलचा पाया वापरात आणला, आणि १९९९ मध्ये मायका डेम्बो व वांग यांनी अशा जेलमधील विस्थापनांवरून सरपटणाऱ्या फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतील) पेशींची बले गणिताने काढून दाखवली. आज प्रयोगशाळांमध्ये 'ट्रॅक्शन फोर्स मायक्रोस्कोपी' या नावाने जे केले जाते, ते बहुतांशी याच मार्गाने जाते, आणि पुढील मार्गदर्शनही त्याच पद्धतीचे आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट असावी. या पद्धतीत बल कुठेच थेट मोजले जात नाही. मोजले जाते ते जेलमध्ये रुतलेल्या प्रतिदीप्त मण्यांचे विस्थापन, आणि बल हा त्यावरून, जेलच्या गुणधर्मांबद्दलची काही गृहीतके धरून, काढलेला निष्कर्ष असतो. नवशिक्या अभ्यासकांचा बराचसा वेळ संगणकावरच्या गणितात जातो. माझ्या मते तो वेळ जेल नीट बनवण्यात आणि संदर्भप्रतिमा (पेशी नसतानाच्या जेलची प्रतिमा) नीट घेण्यात जायला हवा, कारण तिथे शिरलेली चूक पुढचे कोणतेही सॉफ्टवेअर दुरुस्त करू शकत नाही.

आधी कागदावर: किती विस्थापन अपेक्षित आहे

जेल बनवण्यापूर्वी एक छोटा हिशेब करावा. जाड आणि लवचीक पायाच्या पृष्ठभागावर एका बिंदूत आडवे बल लावले, तर बलाच्या दिशेने काही अंतरावर होणारे विस्थापन बूसिनेस्कच्या सूत्रावरून काढता येते: एक अधिक प्वासाँ गुणोत्तर (पदार्थ एका दिशेने ताणल्यावर आडवा किती आक्रसतो याचे माप) या बेरजेला बलाने गुणावे आणि येणाऱ्या संख्येला पाय (π), यंग गुणांक (जेलच्या कडकपणाचे माप) आणि अंतर यांच्या गुणाकाराने भागावे. पॉलिॲक्रिलामाइड जवळजवळ असंपीड्य असल्याने प्वासाँ गुणोत्तर ०.५ च्या आसपास धरतात. आता ५ किलोपास्कल यंग गुणांकाच्या जेलवर एका आसंजनस्थळाने ५ नॅनोन्यूटन बल लावले असे समजू. त्यापासून २ मायक्रोमीटर अंतरावर, बलाच्याच दिशेत, विस्थापन सुमारे ०.२४ मायक्रोमीटर येते. बलाला काटकोनात तेवढ्याच अंतरावर ते निम्मे, म्हणजे ०.१२ मायक्रोमीटर असते. आणि बलाच्या दिशेत १० मायक्रोमीटर दूर गेले की जेमतेम ०.०५ मायक्रोमीटर उरते.

हे आकडे कॅमेऱ्याच्या भाषेत वाचावेत. ६.५ मायक्रोमीटरचे पिक्सेल असलेला कॅमेरा आणि ६० पट वस्तुभिंग यांच्या जोडीत एक पिक्सेल जेलवरच्या सुमारे ०.११ मायक्रोमीटरएवढा असतो. म्हणजे वरच्या उदाहरणात आसंजनस्थळाजवळचा मणी दोन पिक्सेल सरकतो आणि दूरचा अर्धा पिक्सेलही सरकत नाही. जेलचा कडकपणा पाचपट वाढवला, म्हणजे २५ किलोपास्कल केला, तर जवळचे विस्थापनही अर्ध्या पिक्सेलच्या खाली जाते. उलट जेल १ किलोपास्कल इतके मऊ केले तर विस्थापन एका मायक्रोमीटरपेक्षा जास्त होते, मणी एकमेकांच्या जागा ओलांडू लागतात, त्यांची ओळख पटवणे कठीण होते आणि लहान विकृतीसाठी असलेले रेषीय सूत्रही ताणले जाते.

फायब्रोब्लास्टसारख्या जोरकस पेशींसाठी ४ ते १० किलोपास्कल ही सोयीची सुरुवात आहे. पांढऱ्या रक्तपेशींसारख्या झपाट्याने जाणाऱ्या आणि हलकेच ओढणाऱ्या पेशींना याहून मऊ जेल लागते. मात्र कडकपणा ही केवळ मोजपट्टीची बाब नव्हे, हे विसरू नये. पेशी पायाचा कडकपणा ओळखते आणि त्यानुसार आपले वागणे बदलते. फायब्रोब्लास्ट मऊ भागाकडून कडक भागाकडे सरपटत जातात, हे २००० साली दाखवले गेले आहे. त्यामुळे वेगवेगळ्या कडकपणाच्या जेलवर मोजलेली बले एकाच तक्त्यात शेजारी मांडताना पेशीचे वर्तनच वेगळे असू शकते, हे ध्यानात ठेवावे.

काच आणि जेल

जेल खालच्या काचेला घट्ट चिकटलेले हवे आणि वरच्या काचेपासून सहज सुटायला हवे. खालच्या काचेसाठी ०.१७ मिलिमीटर जाडीची कव्हरस्लिप किंवा तशाच तळाची बशी घ्यावी. ती सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने साफ करून तिच्यावर अमिनो-सिलेन पाच-दहा मिनिटे ठेवावे, पाण्याने भरपूर धुवावे, आणि मग ०.५ टक्का ग्लुटराल्डिहाइडमध्ये अर्धा तास ठेवून पुन्हा धुऊन वाळवावे. दोन पायऱ्यांमधल्या धुण्यात कसूर करू नये. उरलेले सिलेन आणि ग्लुटराल्डिहाइड यांची आपसात अभिक्रिया होऊन काचेवर साका बसतो, आणि तो साका नंतर प्रत्येक प्रतिमेत डोकावतो. सिलेन आणि ग्लुटराल्डिहाइड ही दोन्ही रसायने फ्यूमहूडमध्येच हाताळावीत.

आता मणी. ०.२ मायक्रोमीटर व्यासाचे, शक्यतो गडद लाल प्रकाश देणारे मणी घ्यावेत, म्हणजे पेशीतील हिरवे प्रतिदीप्त प्रथिन पाहायला मार्ग मोकळा राहतो आणि निळ्या प्रकाशाने पेशीला होणारी इजाही टळते. मणी जेलच्या द्रावणात मिसळण्याची पद्धत सर्रास वापरली जाते, पण तिच्यातील हिशेब पाहण्यासारखा आहे. २ टक्के घन असलेले मण्यांचे मूळ द्रावण शंभरपट विरळ केले, तर एका घन मायक्रोमीटरमध्ये सरासरी ०.०४५ मणी येतात. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाने पृष्ठभागालगतचा एक मायक्रोमीटर जाडीचा थर पाहिला, तर दोन शेजारच्या मण्यांतले अंतर चार-पाच मायक्रोमीटर निघते. आसंजनस्थळ स्वतःच एक-दोन मायक्रोमीटरचे असताना एवढ्या विरळ खुणांनी त्याचे बल पकडणे शक्य नाही. जेल घट्ट होईपर्यंत काच उलटी ठेवली की मणी पृष्ठभागाकडे बसतात, असेही सांगितले जाते. पण एवढा लहान मणी पाण्यात सेकंदाला सुमारे एक नॅनोमीटर या गतीने खाली बसतो, म्हणजे अर्ध्या तासात जेमतेम दोन मायक्रोमीटर. केवळ गुरुत्वाकर्षणावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

याहून चांगला मार्ग म्हणजे मणी आधीच वरच्या काचेवर बसवणे. वरच्या कव्हरस्लिपला पॉलिलायसिनचा हलका लेप द्यावा, ध्वनिकंपनाने गुठळ्या फोडलेले मण्यांचे विरळ द्रावण तिच्यावर काही मिनिटे ठेवावे, धुवावे आणि वाळवावे. जेल याच काचेखाली घट्ट होते आणि काच काढली की मणी जेलच्या अगदी वरच्या थरात रुतून राहतात. सगळे मणी एकाच प्रतलात असल्यामुळे फोकस करणे सोपे होते आणि अंधूक मण्यांची पार्श्वभूमीही उरत नाही. दोन मण्यांतील सरासरी अंतर एक मायक्रोमीटरच्या आसपास यावे, यासाठी द्रावणाची विरलता एकदा चाचणी करून ठरवावी लागते.

सुमारे ४ ते ५ किलोपास्कलच्या जेलसाठी ५ टक्के ॲक्रिलामाइड आणि ०.१५ टक्के बिस-ॲक्रिलामाइड हे प्रमाण प्रचलित आहे. एक मिलिलीटर द्रावणासाठी ४० टक्के ॲक्रिलामाइडचे १२५ मायक्रोलीटर, २ टक्के बिसचे ७५ मायक्रोलीटर, दहापट संहत फॉस्फेट बफरचे १०० मायक्रोलीटर आणि पाणी ६८९ मायक्रोलीटर एकत्र करावे. हे मिश्रण निर्वात पात्रात पंधरा-वीस मिनिटे ठेवून त्यातील विरघळलेली हवा काढावी, कारण ऑक्सिजन बहुवारिकीकरण (रेणू जोडले जाऊन जेल घट्ट होणे) रोखतो आणि ते रोखणे दर वेळी सारखे नसते. शेवटी ताजे बनवलेले १० टक्के अमोनियम परसल्फेट १० मायक्रोलीटर आणि टेमेड १ मायक्रोलीटर घालून, बुडबुडे न होतील अशा बेताने ढवळून, लगेच वापरावे. घट्ट न झालेले ॲक्रिलामाइड हे चेताविषारी असून ते त्वचेतून शोषले जाते. हातमोजे अनिवार्य आहेत. उरलेले द्रावण तसेच ओतून देऊ नये, नळीतच घट्ट होऊ द्यावे. ते घट्ट झाले की आपला थेंबही झाला आहे, हे त्यावरून कळते.

जाडीचा हिशेब सोपा आहे. १८ मिलिमीटर व्यासाच्या काचेचे क्षेत्रफळ सुमारे २५४ चौरस मिलिमीटर असते, म्हणून १५ मायक्रोलीटरचा थेंब जवळपास ६० मायक्रोमीटर जाडीचा थर देतो. पाण्यात ठेवल्यावर जेल थोडे फुगते. याहून पातळ जेल टाळावे. वरचे बूसिनेस्कचे सूत्र पाया अमर्याद जाड आहे असे धरते, आणि जेलची जाडी पेशीच्या रुंदीपेक्षा कमी झाली की खालची कडक काच विस्थापन अडवू लागते व काढलेले बल खऱ्यापेक्षा कमी भरते. फार जाड जेलही गैरसोयीचे आहे: १.४ अंकीय छिद्राच्या तैलभिंगाचे कार्य-अंतर साधारण ०.१३ मिलिमीटरच असते आणि जेलमधून पाहताना प्रतिमा बिघडतही जाते. शक्य असल्यास जलभिंग वापरावे.

अर्ध्या तासाने जेल बफरमध्ये बुडवून, काही वेळ भिजू देऊन, वरची काच बारीक चिमट्याने एका कडेने हळूहळू उचलावी. घाई केली तर जेलच्या पृष्ठभागावर ओरखडे उठतात, आणि पेशी नेमक्या त्याच ओरखड्यांच्या रेषेत सरपटतात. यानंतर जेल एकदाही कोरडे पडू देऊ नये.

पॉलिॲक्रिलामाइडला प्रथिने आपणहून चिकटत नाहीत, आणि हा या पायाचा मोठा गुण आहे: आपण जे प्रथिन बांधू तेवढ्याचाच आधार पेशीला मिळतो. बांधण्यासाठी सल्फो-सॅनपा हा प्रकाशसंवेदी जोडरेणू वापरतात. त्याचे द्रावण पाण्यात लवकर निकामी होत असल्यामुळे ऐन वेळी बनवावे, जेलवर पसरावे आणि ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली पाच ते दहा मिनिटे ठेवावे. नारिंगी रंग गडद तपकिरी झाला की अभिक्रिया झाली असे समजावे; रंग बदललाच नाही तर भुकटी ओलसर झालेली असण्याची शक्यता मोठी. मग जेल धुऊन त्यावर मिलिलीटरला १० मायक्रोग्रॅम फायब्रोनेक्टिन, किंवा कोलॅजन, रात्रभर ४ अंश सेल्सियसला ठेवावे. प्रथिनाचे प्रमाण सर्व जेलवर सारखे असायला हवे, अन्यथा बलातला फरक कडकपणाचा की चिकटपणाचा, हे सांगता येणार नाही.

कडकपणा पुस्तकातल्या तक्त्यावरून घेऊ नये. बलाचा प्रत्येक आकडा यंग गुणांकाशी सरळ प्रमाणात असतो, त्यामुळे गुणांक २० टक्क्यांनी चुकला तर सगळी बले २० टक्क्यांनी चुकतात. प्रत्येक खेपेतील एक जेल बाजूला ठेवून, माध्यमात फुगल्यानंतर आणि ३७ अंशांना, ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपने दाबून किंवा ऱ्हिओमीटरवर मोजावे. ऱ्हिओमीटर कर्तन गुणांक देतो. असंपीड्य जेलसाठी त्याची तिप्पट म्हणजे यंग गुणांक.

पेशी आणि सूक्ष्मदर्शक

पेशी विरळ पेराव्यात. दृश्यक्षेत्रात एकच पेशी असावी आणि तिच्या चारही बाजूंना निदान एका पेशीएवढी मोकळी जागा असावी. शेजारणीची ओढ चौकटीच्या कडेतून आत आली तर हिशेबाचा ताळेबंद बिघडतो. पेशी पसरायला आणि सरपटायला लागेपर्यंत, बहुधा काही तास ते एक रात्र, थांबावे. नमुना मंचावर ठेवल्यावर ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड स्थिर होण्यासाठी तासभर तरी द्यावा. तापमान बदलत असताना जेल, बशी आणि मंच सगळेच सरकत असतात.

दर वेळी दोन प्रतिमा घ्याव्यात: पेशीची बाह्याकृती दाखवणारी एक आणि मण्यांची एक. मण्यांवर फोकस जेलच्या पृष्ठभागावरच हवा आणि यंत्राला स्वयंचलित फोकस असेल तर तो सुरू ठेवावा. तरीही पृष्ठभागाच्या वर-खाली अर्धा-अर्धा मायक्रोमीटर अंतराने पाच-सात काप घेऊन ठेवणे शहाणपणाचे आहे. नंतर संदर्भप्रतिमेशी जुळणारा काप निवडता येतो. प्रतिमांमधील कालांतर पेशीच्या गतीवरून ठरवावे. मिनिटाला मायक्रोमीटरपेक्षाही कमी सरकणाऱ्या फायब्रोब्लास्टसाठी दोन मिनिटांचे अंतर पुरते. माशाच्या खवल्यावरील केरॅटोसाइट पेशी मात्र मिनिटाला दहा-वीस मायक्रोमीटर धावतात; त्यांच्यासाठी पाच-दहा सेकंदांहून जास्त थांबून चालत नाही.

संदर्भप्रतिमा

पेशी नसताना मणी कुठे होते, हे माहीत असल्याखेरीज विस्थापन या शब्दाला अर्थ नाही. नोंदी संपल्यावर पेशी जेलवरून सोडवावी आणि सैलावलेल्या जेलची प्रतिमा घ्यावी. सोडवण्यासाठी ट्रिप्सिन हे प्रथिने तोडणारे विकर किंवा एसडीएस या अपमार्जकाचे सौम्य द्रावण वापरतात. जेल कृत्रिम असल्याने ट्रिप्सिनचा त्याच्यावर परिणाम होत नाही. अडचण रसायनाची नसून हाताची आहे. बशी काढून, ट्रिप्सिन घालून पुन्हा ठेवली, तर तेच दृश्यक्षेत्र त्याच कोनात परत मिळणे जवळपास अशक्य असते. बशीच्या झाकणातून आधीच एक बारीक नळी बसवून ठेवावी आणि ३७ अंशांना गरम केलेले द्रावण तिच्यातून सावकाश सोडावे. थंड द्रावणाने फोकस ढळतो.

पेशी सुटताना पाहत राहावे. ती आक्रसते, तिच्या कडा एकेक करून निसटतात, आणि त्या त्या कडेखालचे मणी आपल्या मूळ जागी परततात; मण्यांच्या थेट प्रतिमेत ही झेप डोळ्यांनाही दिसते. एखादा शेपटीसारखा धागा चिकटून राहिला असेल तर संदर्भप्रतिमा घेण्याची घाई करू नये. शेवटच्या काही प्रतिमांमध्ये मणी हललेच नाहीत, याची खात्री झाल्यावरच संदर्भ पक्का मानावा.

पेशी आपणहून चौकटीतून निघून जाईल आणि तीच प्रतिमा संदर्भ म्हणून वापरता येईल, हा पर्याय मोहक वाटतो. वेगवान केरॅटोसाइटसाठी तो चालतोही. संथ पेशीसाठी मात्र तोवर मंच इतका सरकलेला असतो की फायदा उरत नाही.

विस्थापनापासून बलापर्यंत

प्रथम दोन्ही प्रतिमा एकमेकींवर जुळवाव्यात. मंचाचे सरकणे पूर्ण प्रतिमाभर सारखे असते, पेशीची ओढ मात्र तिच्याभोवतीच असते. म्हणून जुळणी पेशीपासून दूरच्या मण्यांवरून, पिक्सेलच्या अंशापर्यंत करावी. पेशीखालच्या भागासह जुळणी केली तर खऱ्या विस्थापनाचा काही भाग 'मंच सरकला' या नावाखाली वजा होतो.

विस्थापन काढण्याचे दोन मार्ग रुळलेले आहेत. पहिल्यात प्रतिमेचे लहान चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाचा ठसा संदर्भप्रतिमेत शोधतात. दुसऱ्यात एकेक मणी ओळखून त्याचा माग काढतात. पहिल्या मार्गात चौकोन असा निवडावा की त्यात चार-पाच तरी मणी यावेत. आधी मोठ्या चौकोनांनी ढोबळ विस्थापन काढून मग लहान चौकोनांनी ते बारीक करत नेणे, ही खात्रीची रीत आहे. इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरसाठी हे काम करणारी आणि पुढे बल काढणारीही जोडसाधने उपलब्ध आहेत, आणि सुरुवातीला ती पुरेशी आहेत. शेजाऱ्यांच्या मध्यकाशी फारकत घेणारे सदिश गाळावेत, पण किती गाळले याची नोंद ठेवावी.

यानंतर पेशीपासून दूर, रिकाम्या जागेतील विस्थापनांचे प्रमाण विचलन काढावे. तिथे खरे विस्थापन जवळपास शून्य असल्यामुळे हा आकडा म्हणजे आपल्या मोजमापातील नॉइज. तो विस्थापनाच्या मोठ्यात मोठ्या मूल्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त असेल तर पुढच्या गणिताला हात घालू नये. मण्यांची घनता, फोकस किंवा जेलचा कडकपणा यांतच दोष असतो.

विस्थापनावरून बल काढणे हा उलटा प्रश्न आहे आणि तो नाठाळ आहे. बलाच्या बारीक, दाट चढउतारांमुळे पृष्ठभागावर फारच थोडे विस्थापन होते आणि मोठ्या, विरळ चढउतारांमुळे बरेच होते. उलट्या दिशेने जाताना गणिताला बारीक चढउतार मोठे करून घ्यावे लागतात, आणि त्यांच्यासोबत नॉइजही तितकाच फुगतो. २००२ साली बटलर आणि सहकाऱ्यांनी फूरिये रूपांतराने हा प्रश्न झटपट सोडवण्याची रीत दिली. आजची बरीच साधने तिच्यावर उभी आहेत. नॉइजला आवर घालण्यासाठी टिखोनोव्ह नियमितीकरण वापरतात, म्हणजे विस्थापनाशी जुळण्याबरोबरच बले विनाकारण मोठी नसावीत अशी अट घालतात. या अटीचे वजन ठरवणारा आकडा फार लहान असेल तर नकाशाभर बाणांची बजबजपुरी माजते. फार मोठा असेल तर आसंजनस्थळांचे शिखर सपाट होऊन सगळी पेशी एकसारखी ओढते आहे असे दिसते. जुळणीतील चूक आणि बलांचे एकूण मान यांचा आलेख काढून त्याच्या वळणापाशी हा आकडा निवडण्याची प्रथा आहे. महत्त्वाचे हे की, ज्या पेशींची तुलना करायची आहे त्या सर्वांसाठी तो एकच ठेवावा. नकाशा 'छान दिसेपर्यंत' दर पेशीला तो बदलत बसणे म्हणजे निष्कर्ष हाताने रंगवणे होय.

आपल्या मांडणीतून नेमके काय निसटते, हे जाणण्याचा एक उत्तम उपाय आहे. संगणकावर दोन मायक्रोमीटरचे, परस्परविरुद्ध ओढणारे काही ठिपके मांडावेत, त्यांचे विस्थापन सूत्राने काढावे, त्यात आपण मोजलेला नॉइज मिसळावा आणि त्याच गणितातून ते उलटे फिरवावे. शिखराचे मूल्य दिलेल्यापेक्षा कमीच परत येते. ते किती कमी येते, हे कळले की खऱ्या पेशीच्या आकड्यांकडे योग्य त्या संशयाने पाहता येते.

आलेला आकडा तपासणे

पहिली कसोटी बेरजेची. दहा मायक्रोमीटर त्रिज्येची पेशी मिनिटाला एक मायक्रोमीटर सरकत असेल, तर स्टोक्सच्या नियमाने पाण्याचा रोध सुमारे ३ फेम्टोन्यूटन येतो, म्हणजे एका आसंजनस्थळाच्या बलाच्या दहा लाखांश भागाएवढा. जडत्व तर त्याहूनही नगण्य. तेव्हा पेशीने पायावर लावलेल्या सर्व बलांची सदिश बेरीज शून्यच असायला हवी. पेशी सरपटत असली तरीही. 'पुढे नेणारे निव्वळ बल' शोधू पाहणाऱ्याला ते सापडणार नाही, आणि सापडले तर ते चुकीच्या जुळणीचे किंवा चौकटीबाहेर गेलेल्या पेशीचे लक्षण असते. सदिश बेरीज ही बलांच्या मानांच्या बेरजेच्या दहा टक्क्यांहून जास्त निघाली तर मी तो नमुना बाजूला ठेवणे पसंत करतो.

दुसरी कसोटी जागेची. पेशीच्या बाह्याकृतीबाहेर ठळक बले दिसत असतील तर तो नॉइज आहे. बाहेरची बले शून्य धरायला लावणारी साधनेही आहेत, पण बाह्याकृती जरा आखूड काढली गेली की ती साधने बाहेरची ओढ कडेवर कोंबतात. म्हणून निदान सुरुवातीला तरी अशी सक्ती न करता नकाशा पाहावा. तिसरी कसोटी औषधाची: मायोसिन रोखणारे ब्लेबिस्टॅटिन दिल्यावर बले ठळकपणे घटली पाहिजेत. हे औषध निळ्या प्रकाशाने निकामी होते आणि पेशीला अपायकारकही ठरते, म्हणून त्या प्रयोगात निळा प्रकाश टाळावा.

एकके गोंधळात टाकत असतील तर इतके लक्षात असावे की, एक पास्कल म्हणजे दर चौरस मायक्रोमीटरला एक पिकोन्यूटन आणि एक किलोपास्कल म्हणजे दर चौरस मायक्रोमीटरला एक नॅनोन्यूटन. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत आसंजनस्थळांवरील प्रतिबल (एकक क्षेत्रफळावरील बल) दर चौरस मायक्रोमीटरला सुमारे ५.५ नॅनोन्यूटन आढळले होते. पूर्ण पेशीसाठी एकच आकडा हवा असेल तर पेशीने जेलमध्ये साठवलेली ऊर्जा काढावी: प्रत्येक ठिकाणचे प्रतिबल, विस्थापन आणि क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराची बेरीज करून निम्मी करावी. १००० चौरस मायक्रोमीटर क्षेत्रावर सरासरी १०० पास्कल आणि अर्धा मायक्रोमीटर विस्थापन असेल तर ही ऊर्जा २५ फेम्टोजूल भरते. नियमितीकरणाने शिखरे कापली गेली तरी ऊर्जा त्या मानाने कमी बदलते, त्यामुळे पेशी-पेशींच्या तुलनेला मी कमाल प्रतिबलाऐवजी हाच आकडा धरतो.

सरपटण्याचा अभ्यास असेल तर नकाशा पेशीच्या दिशेशी जुळवून वाचावा. प्रत्येक वेळी पेशीच्या गतीची दिशा काढून बले तिला समांतर आणि तिला लंब अशी विभागावीत. फायब्रोब्लास्टमध्ये जोरदार ओढ पुढच्या कडेच्या आतल्या बाजूला, मागच्या दिशेने दिसते. केरॅटोसाइटमध्ये मोठी बले दोन्ही बगलांना, गतीला आडवी असतात, आणि पुढची रुंद कड त्या मानाने हलकी असते. हा फरक केवळ सरासरी आकड्यांत पुरता हरवतो.

जेलऐवजी खांब

उलट्या गणिताची कटकट नको असेल तर सिलिकोनच्या सूक्ष्म खांबांचा पाया वापरता येतो. २००३ पासून ही पद्धत प्रचलित आहे. प्रत्येक खांब स्वतंत्र वाकतो आणि त्याच्या टोकाचे विस्थापन गुणिले त्याचा स्प्रिंग-स्थिरांक एवढेच बल. २ मायक्रोमीटर व्यास, ६ मायक्रोमीटर उंची आणि २ मेगापास्कल गुणांक असलेल्या खांबाचा स्थिरांक मायक्रोमीटरला सुमारे २२ नॅनोन्यूटन येतो. व्यासाचा चौथा आणि उंचीचा तिसरा घात सूत्रात असल्यामुळे व्यास पाच टक्क्यांनी चुकला तर स्थिरांक वीस टक्क्यांनी चुकतो, म्हणून खांब इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजून घ्यावेत; शिवाय खांबाचे बूडही थोडे झुकत असल्याने प्रत्यक्षातला स्थिरांक सूत्रापेक्षा कमी असतो. इथे संदर्भप्रतिमेची गरज बहुतेक वेळा पडत नाही, कारण न वाकलेले खांब कुठे असावेत हे जाळीच्या नियमित रचनेवरूनच कळते. मोबदल्यात पेशीला सलग पृष्ठभागाऐवजी सुटी टोके मिळतात, आणि तिची आसंजनस्थळे त्या टोकांच्या आकाराला बांधली जातात. पेशी सलग पायावर कशी सरपटते हा प्रश्न असेल तर जेलच घ्यावे. एखाद्या औषधाने ओढ वाढली की घटली, एवढेच अनेक पेशींवर पटकन पाहायचे असेल तर खांब सोयीचे पडतात.